दिसली म्हणून कापली

दक्षिण कोरियात २०११ या एका वर्षात ४०,००० हून अधिक लोकांना थायरॉइडचा कर्करोग झाल्याचं सांगण्यात आलं. १९९३ च्या मानाने हे प्रमाण १५ पट होतं. थायरॉइडचा कर्करोग हा त्या देशात सर्वाधिक आढळणारा कर्करोग ठरला. मात्र त्याने दगावणाऱ्यांची संख्या वर्षाला ३०० ते ४०० च राहिली आणि मृत्यूचं प्रमाण आधी होतं तिथेच थांबलं. रोग खरोखर पंधरा पटींनी फोफावला असता, तर त्याची खूण स्मशानात दिसली असती.

वाढ झाली होती ती शोधण्यात. कोरियन सरकारने १९९९ साली कर्करोगाच्या तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू केली. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण तपासणीला आलेल्या माणसाला रुग्णालयं विचारू लागली, ३० ते ५० डॉलर जास्त भरून मानेची सोनोग्राफीही करून घेता का? स्वस्त, न दुखणारी, काही मिनिटांत होणारी तपासणी. नाही कोण म्हणेल?

सोनोग्राफीला थायरॉइडइतकी सोयीची ग्रंथी दुसरी नाही. ध्वनिलहरींची वारंवारता वाढवली की चित्र बारीक येतं, पण लहरी शरीरात फार खोल जात नाहीत. स्वादुपिंडातली इन्सुलिन स्रवणारी बारीकशी गाठ शोधायची तर अनेकदा दुर्बिणीच्या टोकाला प्रोब बसवून तो जठरात उतरवावा लागतो. थायरॉइड मात्र कातडीखाली लगेचच आहे. तिथे ७ ते १५ मेगाहर्ट्झचा प्रोब जेल लावून नुसता टेकवला, तरी दोन-तीन मिलिमीटरचा ठिपकाही दिसतो.

आणि असे ठिपके असतात, पुष्कळ असतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८५ साली १०१ शवविच्छेदनांमधल्या थायरॉइड ग्रंथींचे अडीच-अडीच मिलिमीटरवर काप घेतले. तिघांमागे एकाहून थोड्या अधिक जणांमध्ये थायरॉइडचा 'पॅपिलरी' प्रकारचा कर्करोग सापडला. तो अंगात घेऊनच ही माणसं जगली होती. यंत्राने हा झाकलेला साठा उघडा केला, आणि 'कर्करोग' हा शब्द एकदा कानावर पडल्यावर स्वस्थ बसणं ना रुग्णाला जमलं, ना डॉक्टरला.

निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचं ऑपरेशन झालं. बहुतेकांची पूर्ण ग्रंथी काढली गेली, म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी हार्मोनची गोळी, तीही जन्मभर. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी शरीरातलं कॅल्शियम सांभाळतात. कोरियातल्या १५,००० हून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ११ टक्के रुग्णांमध्ये या ग्रंथींचं काम मंदावल्याचं दिसलं; अशा माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. २ टक्के रुग्णांच्या स्वरतंतूंना लकवा झाला. टक्का लहान वाटतो, पण शिकवणाऱ्या किंवा गाणाऱ्या माणसाच्या घशातून आवाजच नीट निघेनासा होणं म्हणजे काय, ते त्या दोन टक्क्यांत येत नाही. ज्या गाठीने बहुधा कधीच त्रास दिला नसता, तिच्यापायी हे भोगावं लागलं, याची मला विलक्षण चीड येते.

दुसरी वाट होती, आणि ती शेजारीच सापडली होती. जपानमध्ये कोबे इथल्या कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांच्या प्रस्तावावरून १९९३ पासूनच एक सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची लक्षणं नसलेल्या गाठी न कापता त्यांच्यावर सोनोग्राफीने नजर ठेवली जात होती. अशा १,२३५ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांत गाठ तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढण्याचं प्रमाण ८ टक्के निघालं, तर मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरण्याचं ३.८ टक्के. या कर्करोगाने एकही दगावला नाही. म्हणजे कोरियात ज्या यंत्राने घबराट पसरवली, तेच जपानमध्ये धीर देत होतं.

कोरियात २०१४ च्या मार्चमध्ये काही डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीर पत्र काढलं: लक्षणं नसताना थायरॉइडची सोनोग्राफी करू नका. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. वर्षभरात थायरॉइडची ऑपरेशनं सुमारे ३५ टक्क्यांनी घटली. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञगटानेही २०१७ मध्ये अशा सरसकट तपासणीविरुद्ध शिफारस केली.

मानेला गाठ हाताला लागली, आवाज बसला तो सुटलाच नाही, लहानपणी मानेवर किरणोपचार झाले किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला, तर सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं. तिथे तिच्याइतकं उपयोगी साधन नाही. सुईने पेशी काढतानाही वाट तीच दाखवते. पण दुसऱ्याच कारणाने मानेची तपासणी होते, रिपोर्टमध्ये 'नोड्यूल' (गाठ) असा शब्द येतो आणि घरातली झोप उडते, असं आपल्याकडेही घडतं. अशा वेळी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात: गाठीचा आकार आणि 'टाय-रॅड्स'ची श्रेणी. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या २०१७ च्या या पद्धतीत गाठ घट्ट आहे की पाण्याची, काळसर आहे का, रुंदीपेक्षा उंच आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, यांना गुण देतात. पहिल्या दोन श्रेणींना सुई लावायची नाही. तिसरीला अडीच सेंटिमीटरपासून, चौथीला दीडपासून आणि सर्वांत संशयास्पद पाचवीलाही एक सेंटिमीटरपासून. पाचव्या श्रेणीची गाठ अर्ध्या सेंटिमीटरहून लहान असेल, तर एरवी ही पद्धत पुन्हा सोनोग्राफीलाही बोलवत नाही.