आर्म बुश बदलताना

मोटारीच्या सस्पेन्शनमधला बुश म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये पक्के चिकटवलेले रबर. बाहेरची नळी चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या डोळ्यात, म्हणजे गोल भोकात, दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि आर्मला गाडीच्या सांगाड्याशी बांधतो. बोल्ट कसला की आतली नळी सांगाड्याला जखडली जाते. ती फिरत नाही. चाक वर-खाली झाले की आर्मबरोबर बाहेरची नळी थोडी वळते, मधले रबर पिळले जाते आणि चाक मूळ जागी आले की तो पीळ सुटतो. इथे एक भाग दुसऱ्यावर घासत नाही, म्हणून तेल-ग्रीसची गरज नाही. बुशला बेअरिंग समजून काम केले की ते बिघडते, आणि पुष्कळ गॅरेजांमध्ये ते तसेच केले जाते.

पद्मिनी आणि अँबेसिडरच्या काळात पुढच्या सस्पेन्शनला ग्रीसचे निपल असत आणि ठरावीक अंतराने गाडी ग्रीसिंगला न्यावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि छोट्या गाडीतून हे काम जवळजवळ संपले. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता. ही रचना फोर्ड कंपनीतल्या अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची; १९५० च्या फोर्ड कॉन्सल गाडीमुळे ती रुळली. यात वरचा आर्म नसतो. शॉकअब्सॉर्बरचा खांबच चाकाला वरून धरतो आणि खाली एकच आर्म उरतो. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा देणारी रचना. पण ब्रेकचा आणि खड्ड्याचा झटका खालच्या बाजूने येतो तो त्या एका आर्मच्या बुशांवरच. ८०० आणि जुन्या अल्टोत आर्म सरळ असे आणि त्याला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम स्टॅबिलायझर बारच्या टोकाचे बुश करत. स्विफ्टसारख्या पुढच्या गाड्यांत आर्म काटकोनी झाला. त्याच्या एका टोकाला चाकाकडचा बॉल जॉइंट आणि सांगाड्याकडे दोन बुश असतात. पुढचा लहान आणि कडक, चाकाला आडवे सरकू न देणारा. मागचा मोठा आणि मऊ, खड्ड्याचा दणका गिळणारा. आधी फाटतो तो बहुधा हा मागचा.

बुश किती टिकतो ते रस्त्यावरही ठरते. पनवेलचेच उदाहरण घ्या: तिथल्या गाड्यांना दोन टोकांचे रस्ते मिळतात. कळंबोलीहून निघणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आणि सपाट. त्यावर बुशला काम थोडे. पळस्पे फाट्यावरून सुटणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाची गोष्ट वेगळी. त्याच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. गौरी-गणपतीला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन कर्नाळा, पेण, वडखळ करत छोटी गाडी कोकणात उतरते ती नेमकी पावसाळ्यात, खड्डे पाण्याखाली असताना. खड्डा दिसत नाही, किंवा अगदी काठावर दिसतो आणि चालक तिथेच ब्रेक दाबतो. ब्रेक लागला की चाक मागे ढकलले जाते, नाक खाली जाते, बुश आधीच पिळलेला असतो. त्याच क्षणी चाक खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर आपटते. रबर आणि लोखंड यांचा जोड सुटायला हा प्रसंग सर्वांत अनुकूल.

डावा बुश अनेकदा आधी जातो. आपल्याकडे रस्त्याची डावी कड अधिक उखडलेली असते, पाणीही तिथेच साचते. दुसरे कारण गाडीतच आहे. मारुतीच्या छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स डाव्या बाजूला असतो. त्याचे सील गळू लागले की तेल ठिबकत आर्मवर येते, आणि नैसर्गिक रबराला खनिज तेल मानवत नाही. ते फुगते, मऊ पडते आणि तुकड्यांनी सुटते. असा फुगलेला बुश दिसला तर आधी गळती बंद करावी, नाहीतर नवा बुशही त्याच वाटेने जातो. तेल नसतानाही हवेतला ओझोन आणि इंजिनाची उष्णता रबराला हळूहळू कडक करतात. त्यामुळे कमी चाललेल्या जुन्या गाडीचे बुशही खराब निघतात. अमुक किलोमीटरला बुश बदला असे कंपन्या सहसा सांगत नाहीत, तपासा एवढेच सांगतात.

फाटलेल्या बुशची पहिली खूण आवाजाची. गतिरोधकावरून हळू जाताना, किंवा थांबता थांबता शेवटच्या ब्रेकला, पायाखालून ‘टक्’ असा एकच जड आवाज येतो. बारीक खडखड सतत येत असेल तर आधी स्टॅबिलायझर बारचा लिंक रॉड पाहावा. तो स्वस्त आहे आणि आवाजाचे खापर बुशवर फुटण्याचे तेच नेहमीचे कारण. स्टेअरिंग जागच्या जागी फिरवताना वरून आवाज आला तर स्ट्रटचा वरचा माउंट. बुशची दुसरी खूण अधिक नेमकी: ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते आणि ब्रेक सोडताच सरळ होते. तिसरी खूण टायरवर उमटते. चाकाचा कोन धावताना बदलत राहिल्याने टायरची एक कड लवकर झिजते, आणि अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करूनही ती झीज थांबत नाही.

खात्री करायला दोन माणसे पुरतात. एक जण ब्रेक दाबून धरतो आणि पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये गाडीला हलकेच पुढे-मागे ताण देतो. दुसरा बाजूला सुरक्षित अंतरावर उभा राहून चाक आणि कमान यांच्यातली फट पाहतो. चाक कमानीत पुढे-मागे सरकताना दिसले तर मागचा बुश संपला आहे. मग गाडी पिटवर, म्हणजे गॅरेजमधल्या खड्ड्यावर, घेऊन आर्म आणि सांगाडा यांच्या फटीत छोटी पहार घालून रेटायची. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. फाटलेला बुश उघडा पडतो: रबर आतल्या नळीपासून सुटलेले दिसते किंवा नळी डोळ्यात एका बाजूला पडलेली असते. रबरावर वरवरच्या केसासारख्या भेगा असणे ही वयाची खूण आहे. तेवढ्यावरून बुश बदलायला सांगणारे गॅरेज घाईत आहे असे समजावे. काही बुशांच्या रबरात कारखान्यातूनच पोकळ खाचा ठेवलेल्या असतात. त्याही फाटलेल्या नव्हेत.

आता प्रश्न उरतो नुसता बुश की पूर्ण आर्म. आर्म सरळ असेल, गंजून पातळ झाला नसेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर नुसता बुश पुरतो. बॉल जॉइंटही ढिला असेल तर नवा आर्म घेणे शहाणपणाचे, कारण खोलण्या-जोडण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच. काही मॉडेलांना बुश सुटा मिळतच नाही. सुटे भाग पनवेलमध्ये मिळतात. जुन्या मॉडेलचे न मिळाले तर मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार आहे. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात उतरवलेले आर्मही मिळतात, पण त्यातले रबर दुसऱ्या गाडीवर म्हातारे झालेले असते, म्हणून ते टाळावेत. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश आकर्षक दिसतात. ते तेलाने खराब होत नाहीत, मात्र रबरासारखे पिळले न जाता नळीवर घसरतात, त्यामुळे त्यांना सिलिकॉन ग्रीस लागते, ते करकरतात आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आत पोचवतात. रोजच्या गाडीला साधे रबरच बरे. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा कडक आणि एक जुना मऊ असला तर ब्रेकला गाडी ओढायची तशीच ओढते.

कामाची सुरुवात गाडी जमिनीवर असतानाच होते: हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना उटी लावायची आणि पुढच्या चाकांचे नट थोडे सैल करायचे. नंतर पुढची दोन्ही चाके उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जाऊ नये. दोन्ही चाके उचलण्याचे कारण स्टॅबिलायझर बार. तो दोन्ही बाजूंना जोडलेला असल्याने एकच बाजू लटकली तर बार पिळून आर्मला ताण देतो आणि बोल्ट निघता निघत नाही.

चाक काढल्यावर स्टॅबिलायझरची जोडणी सोडायची, मग बॉल जॉइंट. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा चाक धरणाऱ्या नकलच्या फटीत बसतो आणि आडवा बोल्ट ती फट आवळतो. दांड्याला खाच असते आणि बोल्ट तिच्यातून जातो, म्हणून तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. फट उघडायला छिन्नी हलक्या हाताने ठोकावी. जास्त फाकवली तर नकलला तडा जातो आणि स्वस्त काम महाग होते. नकल सुटल्यावर त्याला बाहेर ओढू नये. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट त्याच्या घरातून निसटू शकतो, ब्रेकच्या नळीलाही ताण बसतो. तारेने तो स्ट्रटलाच बांधून ठेवलेला बरा.

सांगाड्याकडचे बोल्ट हा पनवेलमधला खरा अडथळा. पावसाळ्याचा चिखल आणि खाडीकडची दमट, खारी हवा यांमुळे बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवले तर सकाळी निम्मी मारामारी वाचते. घाईत लांब पाइप लावून जोर केला की बोल्ट तुटतो आणि सांगाड्यात वेल्ड केलेला नटही फिरू लागतो. त्याऐवजी बोल्ट कसायच्या दिशेला किंचित हलवून, पुन्हा सैल करून, असा मागे-पुढे खेळवत काढतात. निघालेला बोल्ट गंजाने खाल्लेला असेल तर नवा घ्यावा. सेल्फ-लॉकिंग नट आणि स्प्लिट पिन परत वापरू नयेत.

आर्म हातात आला की काम प्रेसकडे जाते. छोट्या गॅरेजकडे प्रेस नसतो. आर्म लेथवाल्याकडे पाठवतात. जुना बुश काढण्यापूर्वी तो किती आत बसला आहे ते व्हर्नियरने मोजायचे आणि त्यातल्या खाचांची दिशा आर्मवर पंचने खुणावून ठेवायची. खाचा जिकडे, तिकडे बुश मऊ. उलटा किंवा तिरपा बसला तर जिथे गाडीला मऊपणा हवा तिथे कडकपणा येतो, आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. काढताना आर्मला डोळ्याच्या अगदी कडेला आधार द्यावा लागतो, कारण आर्म पत्र्याचा असतो आणि मधे आधार दिला तर वाकतो. काही ठिकाणी रबर जाळून बुश काढतात. त्याचा धूर घातक आणि डोळ्याचा पत्राही तापून बिघडतो. प्रेसने हलत नसेल तर रबर कापून काढावे आणि उरलेल्या नळीला हॅक्सॉ पात्याने आतून एक उभा चर पाडावा. नळी आकसते आणि सहज निघते.

डोळा एमरी कागदाने साफ करून नवा बुश साबणाच्या पाण्याने ओला करायचा. इथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावणारे कारागीर पुष्कळ आहेत. तेल रबराचे काय करते ते वर आलेच आहे. दाब बाहेरच्या नळीच्या कडेवर पडला पाहिजे, त्यासाठी त्याच मापाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा मधे ठेवतात. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाब दिला तर बुश बसण्याआधीच सुटतो. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश बाहेरून ठीक दिसतो, पण त्याची नळी चेपलेली असते.

जोडणी उलट क्रमाने होते, एक गोष्ट सोडून. सांगाड्याकडचे बोल्ट हाताने बसतील इतपत फिरवून तसेच ठेवायचे. चाक लटकलेले असताना ते कसले तर आतली नळी त्या लटकलेल्या स्थितीत जखडली जाते. आर्म ३० सेंटिमीटरचा धरला आणि चाक ८ सेंटिमीटर खाली लटकले असे धरले, तर आर्म सुमारे १५ अंश खाली झुकलेला असतो. गाडी जमिनीवर येताच रबर १५ अंश पिळले जाते आणि गाडी उभी असली तरी तसेच राहते. खड्ड्यात चाक वर गेले की त्यात आणखी पिळाची भर पडते. सहा महिन्यांत ‘डुप्लिकेट माल निघाला’ म्हणून परत येणारे कितीतरी बुश असे मारलेले असतात. काही गाड्यांत मागच्या बुशचा बोल्ट उभा असतो; तो बुश याला काहीसा अपवाद, कारण त्याच्यात असा पीळ पडत नाही. आडव्या बोल्टला मात्र सवलत नाही.

गंमत अशी की ही चूक खांबांच्या लिफ्टवर अधिक सहज होते. तिथे गाडी सांगाड्याला धरून उचलतात, चारही चाके लटकतात, आणि सगळे बोल्ट तिथेच कसून टाकणे कारागिराला सोयीचे पडते. पिट असलेल्या जुन्या गॅरेजात गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते आणि कारागीर खालून कसतो, त्यामुळे बोल्ट आपोआप योग्य स्थितीत कसला जातो. पिट नसेल तर बॉल जॉइंटच्या खाली दुसरा जॅक लावून गाडीचे वजन आर्मवर येईपर्यंत उचलायचे आणि मग टॉर्क पान्याने, त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत कसायचे. चाकाचे नट जमिनीवर, समोरासमोरच्या क्रमाने कसायचे. त्यांचा टॉर्कही त्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्यावा.

यानंतर थोडी गाडी फिरवून रबर बसू द्यायचे आणि अलाइनमेंट करायची. बुश बदलला की चाकाचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो, आणि अलाइनमेंट न करता सोडलेली गाडी नवे टायर खाते. कामाला दोन्ही बाजू मिळून अर्धा दिवस लागतो. बोल्ट तुटला तर पूर्ण. गाडी गॅरेजला देताना मालकाने बिलाची घासाघीस कमी करावी आणि कारागिराला एवढे आवर्जून सांगावे: आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच कसा, आणि ते कसताना मला बोलवा.