मंगळवासी हरले, आपण का टिकलो?

मंगळावरून आलेले शत्रू इंग्लंडमध्ये उतरतात. उष्ण किरणांनी माणसे जाळतात, विषारी काळा धूर सोडतात. तोफा निकामी होतात, लंडन ओस पडते. आणि एके दिवशी हेच अजिंक्य शत्रू आपोआप मरून पडलेले दिसतात. त्यांना मारतात पृथ्वीवरचे साधे जीवाणू! एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कथा १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

वेल्स जीवशास्त्र शिकलेले होते. मंगळावर जंतूच नाहीत, असे त्यांनी मानले. त्यामुळे तिथल्या जीवांच्या शरीराला जंतूंशी लढण्याची तयारी नव्हती. माणसाची ती होती. पण फुकट मिळालेली नाही. पिढ्यान् पिढ्या साथींमध्ये असंख्य लोक दगावले. जे वाचले, त्यांनी आपल्याला वाचवणारे गुण मुलांना दिले.

ही कथा मासिकात सुरू असतानाच, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. याच मलेरियाशी झालेल्या लढाईची एक खूण आज विदर्भातल्या अनेक घरांत, रक्तातच सापडते. तिचे नाव सिकलसेल.

सिकलसेलचे जनुक आई किंवा वडील अशा एकाकडूनच आले, तर व्यक्ती ‘वाहक’ असते. तिला सहसा त्रास होत नाही. उलट गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकले, वाढले. विदर्भात ते आदिवासींमध्ये आहे, तसेच इतर अनेक समाजांतही आहे.

मात्र दोघांकडूनही हे जनुक आले, तर आजार होतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय, छाती, पाठ असह्य दुखते. रक्त कमी होते. जंतूंना गाळणारी प्लीहा लहानपणीच कमजोर पडते. पूर्वजांना वाचवणारे हेच जनुक दुपटीने आल्यावर त्या मुलाची अवस्था वेल्सच्या मंगळवासीयांसारखी करून ठेवते. साधा जीवाणूही जिवावर उठू शकतो आणि मलेरियासुद्धा अशा मुलाला धोक्याचाच.

म्हणून सिकलसेलग्रस्त मुलाला ताप आला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लसी वेळेवर द्याव्यात, पाणी भरपूर पाजावे. डॉक्टरांनी सुरू केलेले हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड मनाने बंद करू नये.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले, म्हणून पुढच्या वेळची शक्यता बदलत नाही. वाहक असणे हा दोष नाही, लग्न मोडण्याचे कारणही नाही. फक्त ते दोघांनाही आधी माहीत असावे. लग्नाआधी चाचणी राहून गेली असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करावी.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. नागपुरात मेयो आणि मेडिकलमध्ये ही तपासणी होते. पत्रिका जुळवताना रक्ताचा हा एक अहवालही शेजारी ठेवावा.