पाताळातली दिवाळी

डोंगर कसा चढावा हे पुणेकराला कोणी शिकवू नये, अशी माझी पक्की समजूत होती. कॉलेजात शिकत होतो तेव्हापासून सिंहगडाची वारी चालू आहे. पायथ्याशी ताज्या दमाने निघायचे, वर पोचून पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खायचे आणि गप्पा मारीत उतरायचे. दमलेल्या माणसाला घरी जाताना उतार मिळतो ही केवढी मोठी सोय आहे, हे इतक्या वर्षांत कधी ध्यानात आले नव्हते. ते आले 2019 सालच्या पाडव्याला, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात.

ग्रँड कॅन्यन हा उलटा डोंगर आहे. मोटार नेऊन सोडते ती माथ्यावर. कोलोरॅडो नदी तेथून सुमारे साडेचौदाशे मीटर खाली, म्हणजे आतकरवाडीहून सिंहगडाचा जो चढ आहे त्याच्या दुपटीहून अधिक. आधी उतरायचे, आणि चढ दमलेल्या पायांसाठी शिल्लक ठेवायचा! आमचा दादा फिनिक्सला असतो. तो पूर्वी चार वेळा नदीपर्यंत जाऊन आलेला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडे जाणार असे ठरताच त्याने तळाशी मुक्काम करण्याच्या परवान्यासाठी चार महिने आधी अर्ज केला. हा अर्ज त्या वर्षीही फॅक्सने धाडावा लागे. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या देशाच्या सरकारी कचेऱ्या आपल्यापेक्षा फार वेगळ्या नाहीत, हे पाहून मला बरे वाटले.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला ते बिऱ्हाड तराजूत घालावे लागत नाही. दादाने स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आमची एकेक वस्तू तोलली. उतरण्याच्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो आधीच गेले. मग तंबू, झोपायच्या पिशव्या, शेगडी. माझ्या पिशवीतून त्याने एक जाडजूड दिवाळी अंक काढून बाजूला ठेवला. "सहाशे ग्रॅम," तो म्हणाला. संपादकांनी क्षमा करावी.

त्यात सौ.ने फराळाचे डबे पुढे केले. अडीच किलो! मी चिडलोच. "अहो, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पोरांनी डबाबंद पदार्थ खायचे का?" तिने विचारले. दादा माझी बाजू घेईल असे वाटले होते. तो म्हणाला, "लाडू थोडे कमी कर. खारट आहे तेवढं सगळं घे." भावजयीचे मन राखतोय, असे मी समजलो.

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी, 27 ऑक्टोबरला आले होते. वहिनींना माथ्यावरच्या मुक्कामी ठेवून आम्ही पाचजण उजाडताच निघालो. वाटेचे नाव साउथ कैबाब. अकरा किलोमीटर, वळणावर वळणे. खेचरांचा तांडा आला की दरीकडची बाजू सोडून डोंगराच्या अंगाला निमूट उभे राहायचे. पावलागणिक खडकाचा रंग बदलतो. वरचा फिकट चुनखडक सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा. खाली तांबडा, हिरवट, पुन्हा तपकिरी. समोरचे सुळके दाखवीत दादा म्हणाला, "ते ब्रह्माचं देऊळ. अन् ते दूर पूर्वेला आहे ना, ते विष्णूचं." चिरंजीवांना ती थट्टा वाटली. पण नकाशावर तशीच नावे आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने 1880 च्या सुमारास येथल्या शिखरांना पौर्वात्य दैवतांची नावे देण्याचा प्रघात पाडला. पुढे अगदी तळाशी जो काळाभोर खडक सापडला त्यालाही त्या शिखरावरून 'विष्णू शिस्ट' म्हणू लागले. वय सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षे.

दुपारी त्या खडकाला हात लावला तेव्हा अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा. वामनाने बळीला पाताळात घातले आणि मग विष्णू त्याच्याच दारी द्वारपाल होऊन राहिला, ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! डटनसाहेबाला ती ठाऊक होती की नाही कोण जाणे. द्वारपाल मात्र बरोबर जागी उभा होता.

नदीवर झुलता पूल आहे, 1928 साली बांधलेला. त्याच्या मुख्य तारा साडेपाचशे फूट लांब आणि एकेक टनभर वजनाची. प्रत्येक तार हवासुपाई जमातीच्या 42 माणसांनी एका ओळीत चालत, खांद्यांवरून या दरीत उतरवली. आमच्या पिशव्यांची कुरकुर तेथे थांबायला हवी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या बागेत विसावा घेतला ती जागा याच हवासुपाईंची. तेथून त्यांच्यातला शेवटचा रहिवासी उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी हुसकावला, तोही 1928 सालीच. आम्ही गेलो तेव्हा पाटीवर 'इंडियन गार्डन' होते. 2022 साली ते बदलून 'हवासुपाई गार्डन्स' केले.

तळाशी ओढ्याकाठी तंबू ठोकले. फराळ खारींपासून वाचवायला लष्करी काडतुसांचे लोखंडी डबे ठेवलेले असतात. त्यांत आमच्या चकल्या गेल्या. पोरांनी 'खेचराच्या पाठीवरून आलेले' असा शिक्का असलेले कार्ड आजीला पाठविले. जाळ करायला सक्त मनाई, तेव्हा पणती नाही. कन्येने पाण्याची बाटली विजेरीवर उपडी धरली, तर सगळे पाणी दुधासारखे उजळले. पिशव्या टांगायच्या खांबावर तो आकाशकंदील टांगून आम्ही लक्ष्मीपूजन केले. मग तोही मालवला. अमावस्येचा काळोख आणि दोन कड्यांच्या मध्ये आकाशाची एक पट्टी, तीत इतके तारे की दोघेही पोरे बोलायची थांबली.

पाडव्याच्या पहाटे पाचला निघालो. परतीची वाट ब्राइट एंजल, पंधरा किलोमीटरच्या वर. बागेपर्यंत सगळे ठीक होते. मी पोरांना दर वळणावर "पाणी प्या" म्हणत होतो आणि स्वतः सर्वांहून जास्त पीत होतो. खाण्याची इच्छा नव्हती. चढताना पोट हलके ठेवावे हा माझा सिंहगडी नियम. बागेच्या वरच्या वळणांवर डोके ठणकू लागले, मळमळले. मी आणखी पाणी प्यालो. मग ओकलो. दादाने विचारले, "आज वार कोणता?" मला आठवेना. चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक पडलेला मात्र आठवतो.

"सकाळपासून खाल्लंस काय?"

"पाणी. चारपाच लिटर."

त्याने बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि मला सावलीत बसविले. त्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो आणि अंगातले मीठ गुपचूप निघून जाते. वर नुसते पाणी ओतत राहिले की रक्तातले उरलेसुरले मीठही पातळ होते. लक्षणे तहान लागल्यासारखीच, म्हणून माणूस आणखी पितो. मग भ्रम, झटके, आणि कोणी कोणी दगावतातही. सौ.ने काही न बोलता चकलीचा एकेक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवायला सुरुवात केली. मग शेव, मग चिवडा. "सावकाश," एवढेच ती म्हणाली. तासाभराने मी सोमवार म्हणालो, तेव्हा दादाने घड्याळ खिशात टाकले.

उठलो तर माझी पिशवी जागेवर नव्हती. चौदा वर्षांची कन्या स्वतःची पाठीवर आणि माझी छातीवर घेऊन उभी. मी हात पुढे केला. "बाबा, तुम्ही नुसते चाला," ती म्हणाली. जिला खांद्यावर बसवून मी कल्याण दरवाजा दाखविला होता, तिच्या टाचा पाहत मी शेवटचे पाच किलोमीटर चढलो. दर शंभर पावलांनी थांबायचे, एक शंकरपाळा, दोन घोट पाणी. हुकूम तिचा.

माथ्यावर आलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि वारा सुईसारखा बोचत होता. वहिनी चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या. पिशवी मोटारीपर्यंत कन्येने कोणाच्या हाती दिली नाही.

मोटार सुरू झाल्यावर मी सौ.ला हळूच विचारले, "पाडव्याची ओवाळणी काय हवी?"

"चकल्यांचा डबा रिकामा झालाय," ती म्हणाली, "तेवढा घासून द्या."

फिनिक्सला पोचल्यावर रात्री साडेअकराला मी तो घासला.