माळवदावरील जागेचा साठवणीसाठीं उपयोग

सोलापूर जिल्ह्यांत माळवदाचीं जुनीं घरें अद्याप पुष्कळ आहेत. लांकडी खांब व तुळया, त्यांवर बारीक लांकडांचा दाट थर, मग पाला आणि शेवटीं पांढऱ्या मातीचा जाड लेप, अशी या छपराची रचना असते. वैशाखांत बाहेर ४० अंशांवर उष्णता गेली तरी खालची खोली सुसह्य राहते. कारण दिवसाची उष्णता माती भेदून खालीं उतरेपर्यंत रात्र होते.

गळती टाळण्यासाठीं पुष्कळ शेतकरी माळवदावर पत्रे चढवितात. त्यामुळें मध्यें जी जागा निर्माण होते, तिच्या उपयोगाविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागेवरील एक फूट माती सुमारे ४ टन भरते. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं नवी माती घालण्याच्या वहिवाटीनें हा थर वाढतच जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं, त्याचें एक प्रमुख कारण चिखलांत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील मातीचीं जड छपरें हें होय. म्हणून पत्रे बसल्यावर जाणत्या सुताराकडून तुळया तपासून घ्याव्या व वाढीव माती सर्व बाजूंनीं सारखी उतरवावी. सहा इंचांचा थर मात्र राखावा. तो सर्वच काढल्यास खोली तापेल.

मातीवर थेट कांहीं ठेवूं नये, वाळवी लागते. तुळयांच्या वर येतील असे ओंडके मांडून त्यांवर फळ्या घालाव्या आणि खालीं वीतभर पोकळी सोडावी. दोन्ही टोकांस जाळीचे झरोके ठेवावे, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल.

येथें रिकामीं पोतीं, दोरखंड, टोपल्या असें हलकें सामानच ठेवावें. कडबा आगीच्या भयानें वर्ज्य करावा. ज्वारीच्या एका क्विंटलास सुमारे ५ घनफूट जागा लागते. म्हणजे वरील जागेंत फूटभर उंच धान्य भरल्यास २० क्विंटल, अर्थात् २ टन, ओझें होईल व माती उतरविल्याचा लाभ व्यर्थ जाईल. मालदांडीचें बियाणें तर तेथें मुळींच नेऊं नये. पत्र्याखालच्या उष्णतेनें त्याची उगवणशक्ति घटते. तें चांगलें वाळवून खालच्या कोरड्या खोलींतच झांकून ठेवावें.

रिकामी पोकळीही उष्णता अडविण्याचें काम करीत असते. ती खच्चून भरूं नये.