सायकलचा शॉकअप बदलताय? पैसे देण्याआधी टेप हातात घ्या

मुलाने हट्ट धरला म्हणून आपण जाड टायरची, गिअरवाली एमटीबी सायकल घेऊन देतो. शाळा, ट्यूशन, मशीद, मैदान असा तिचा रोजचा प्रवास. दोन पावसाळे गेले की पुढचा शॉकअप खडखडायला लागतो, कधी गंजून जाम होतो. मग मिस्त्री म्हणतो, "भाईजान, पूर्ण चिमटाच बदला." इथेच अनेक घरांत पैसे वाया जातात. शॉकअपवाला चिमटा, म्हणजे सस्पेन्शन फोर्क, चपलेसारखा नंबर सांगून मिळत नाही. त्याची पाच मापं जुळावी लागतात.

आमच्याही घरात ही चूक झाली. भाच्याच्या सायकलसाठी आम्ही ऑनलाइन, फोटो आणि सवलत बघून चिमटा मागवला. महाग होता, म्हणजे चांगलाच असणार असं वाटलं. बसवायला गेलो तर त्याची वरची नळी खालच्या बाजूला जाड होती, फ्रेममध्ये शिरेचना. परत पाठवण्याचा खर्च अंगावर पडला आणि पोरगं तीन आठवडे पायी शाळेत गेलं. तेव्हा जे शिकलो, ते आपल्यासमोर ठेवतो.

आधी खात्री करा, खरंच बदलायचा आहे का?

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली, जिथे चिमटा फ्रेममध्ये जातो, तिथे बोट ठेवा. 'टक टक' तिथे जाणवली तर दोष बहुतेक कप-छर्ऱ्यांचा आहे, आणि तो थोडक्यात दुरुस्त होतो. हालचाल शॉकअपच्या चकचकीत दांड्यांपाशी असेल, तर आतली बुशिंग झिजली आहेत. त्या दांड्यांवर गंजाचे खड्डे पडले असतील तर सील टिकत नाही. स्वस्त शॉकअपच्या दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जातो, म्हणून तिथे बदलणंच बरं.

चिमट्याला कुठेही तडा दिसला किंवा तो वाकलेला असला, तर सायकल त्याच क्षणी उभी करा. मागचं काही तुटलं तर सायकल थांबते. चिमटा तुटला तर मूल तोंडावर पडतं, हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही.

पाच मापं

पहिलं, वरची नळी. हल्लीच्या बहुतेक साध्या एमटीबीत ही नळी वरपासून खालपर्यंत सरळ, २८.६ मिलिमीटर जाडीची असते. महागड्या चिमट्यांत ती खाली रुंद होत जाते, साधारण ३८ मिलिमीटरपर्यंत. सरळ नळीसाठी बनलेल्या अरुंद फ्रेममध्ये रुंद नळी बसत नाही. उलट रुंद फ्रेममध्ये सरळ नळी मात्र योग्य कप लावून बसवता येते. जुन्या सायकलींत नळीला आटे असतात आणि कपावर मोठा नट असतो; तिथे आटेवाला चिमटाच लागतो, नाहीतर कप आणि हँडलचा स्टेमही बदलावा लागतो. नळीची लांबी जुन्याइतकी किंवा जास्त हवी. जास्त असेल तर कापता येते, कमी असेल तर जोडता येत नाही.

दुसरं, चाक. २६, २७.५ आणि २९ इंच असे तीन प्रकार जास्त चालतात. आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. लहान चाकाच्या चिमट्यात मोठं चाक घातलं, तर शॉकअप दबताना टायर वर घासू शकतो, चाक अचानक अडकू शकतं.

तिसरं, ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअप किती दबतो ते. साध्या सायकलींत ८० किंवा १०० मिलिमीटर असतो. "१४०चा घ्या, मस्त चालेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जास्त ट्रॅव्हलचा चिमटा उंचही असतो. पुढची बाजू उचलली जाते. सुमारे २० मिलिमीटर उंचीने हँडलचा कोन जवळपास एक अंशाने बदलतो. सायकल वळायला सुस्त होते आणि फ्रेमच्या पुढच्या जोडावर ताण वाढतो. म्हणून जुना चिमटा चाकाच्या एक्सलपासून फ्रेमपर्यंत किती उंच आहे ते मोजा आणि नवा त्याच्या जवळपासचाच घ्या. पण जुना शॉकअप दबूनच जाम झाला असेल तर ते माप कमी भरेल, हे ध्यानात ठेवा.

चौथं, ब्रेक. डिस्क ब्रेक असेल तर चिमट्याच्या डाव्या पायावर कॅलिपर बसवायची जागा हवी. रिम धरणारा व्ही-ब्रेक असेल तर दोन्ही पायांवर खुंट्या हव्यात. नव्या बऱ्याच चिमट्यांत त्या नसतात.

पाचवं, एक्सल. साध्या सायकलीत पुढचा एक्सल ९ मिलिमीटरचा आणि दोन्ही पायांतलं अंतर १०० मिलिमीटर असतं. महाग चिमटे १५ मिलिमीटरच्या जाड एक्सलचे असतात, अंतर १०० किंवा ११०. असा चिमटा घेतला तर बहुतेक वेळा हब किंवा अख्खं चाक बदलायची पाळी येते.

स्प्रिंग, हवा की काहीच नको?

स्प्रिंगचा शॉकअप जड पण साधा असतो. त्याची स्प्रिंग बहुधा मोठ्या माणसाच्या वजनाची असते. ३५-४० किलोच्या मुलाखाली ती नीट दबतच नाही, मग शॉकअप नुसतं ओझं होतो. हवेच्या शॉकअपमध्ये वजनाप्रमाणे दाब ठेवता येतो, पण तो महाग असतो, त्याला वेगळा शॉक पंप लागतो आणि वेळेवर सर्व्हिसिंगही. मूल सायकलवर नुसतं बसल्यावर एकूण ट्रॅव्हलच्या साधारण पाचवा ते चौथा भाग दबला, तर सेटिंग ठीक समजावं.

आणि एक पर्याय दुकानात क्वचितच सांगतात: शॉकअप नसलेला साधा चिमटा. मूल फक्त डांबरी रस्त्यावरून शाळेत जात असेल, तर तो हलका, टिकाऊ आणि कोकणच्या पावसातही कमी कटकटीचा. फक्त त्याची उंची जुन्या शॉकअपवाल्या चिमट्याशी जुळणारी हवी. गरज नसताना दिखाव्यासाठी खर्च करणं हा इसराफच. वाचलेल्या पैशांत चांगले ब्रेक पॅड आणि हेल्मेट येतं.

जुना घेताना आणि जुना देताना

वापरलेला चिमटा घ्यायचा असेल तर तो सायकलवरून काढलेला बघा. नळी जिथे खाली जोडलेली असते तिथे कापड फिरवून उजेडात तडा शोधा. नळी फार आखूड कापलेली नाही ना, तेही मोजा. "नवाच आहे" या शब्दावर विसंबू नका.

आणि आपण विकणार असू तर दोष आधी सांगा. मालातला ऐब लपवून विकणं आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे आपण सगळेच जाणतो. तडा गेलेला चिमटा तर सदका म्हणूनही कुणाला देऊ नका. गरीबाचं मूलही तोंडावरच पडतं. करवतीने त्याचे दोन तुकडे करा, मगच भंगारात टाका, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या सायकलला लागणार नाही.

दुकानात जाताना पाचही मापं कागदावर लिहून न्या, जमलं तर सायकलच सोबत न्या. बसवून झाल्यावर मुलाला देण्याआधी स्वतः एक फेरी मारा. ब्रेक दाबा, हँडल दोन्हीकडे वळवा, खड्ड्यातून हळू काढा. आवाज आला नाही, टायर कुठे घासला नाही, तर बिस्मिल्लाह म्हणून सायकल मुलाच्या हाती द्या.