चित्रपती व्ही. शांताराम

या महिन्याच्या भित्तिपत्रकात माझी पाळी आहे. गुरुजी म्हणाले, एखाद्या थोर कलावंताची माहिती लिहून आण. मी सिनेमावाले व्ही. शांताराम यांची माहिती आणली आहे. त्यांनाच का निवडले, ते शेवटी सांगतो. म्हणून शेवटपर्यंत वाचा, मधून पळू नका.

आमची सहल चाळीसगावला केकी मूस यांचे घर पाहायला गेली होती. ते घर स्टेशनजवळच आहे. केकी मूस हे मोठे छायाचित्रकार होते. ते १९८९ साली वारले. त्यांचे फोटो बघताना गुरुजी म्हणाले, सिनेमा म्हणजे पण फोटोच, फक्त एका सेकंदात चोवीस फोटो डोळ्यांपुढून जातात. म्हणून फोटोतला माणूस चालतो आहे असे आपल्याला वाटते. घरी आल्यावर मी जुन्या वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर एक चेंडू काढला, दर पानाला थोडा थोडा वर. पाने भरभर सोडली तर चेंडू खरेच उडाला! तुम्ही पण करून बघा. पण चालू वहीत करू नका, मार बसतो.

आता शांताराम यांची माहिती. त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूरला झाला. पूर्ण नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. व्ही म्हणजे वणकुद्रे. त्यांना शाळा फार मिळाली नाही. लहानपणी ते काही दिवस गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम केले आणि सिनेमा थेटरातही पडेल ते काम केले. मग १९२० साली ते कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत लागले. तिथे ते सगळे शिकले.

तेव्हा सिनेमा मुका होता. चित्र हलायचे, पण बोलायचे नाही. १९२५ साली ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट आला. त्यात शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याचे काम केले. सावकार त्याची जमीन घेतो आणि त्याला गाव सोडून शहरात मजुरीला जावे लागते. हे मी घरी सांगितले तेव्हा माझी आई म्हणाली, हे तर आपल्याकडचेच झाले.

१ जून १९२९ रोजी शांताराम आणि त्यांचे भागीदार दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. त्या जागेवर आता सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. ‘संत तुकाराम’ हा सिनेमा पण प्रभातचाच, पण तो दामले आणि फत्तेलाल यांनी केला. आमच्या घरी सगळे तो शांताराम यांचाच समजत होते. आता नाही समजत.

शांताराम यांनी ‘कुंकू’ (१९३७) केला. त्यात एका मुलीचे लग्न म्हाताऱ्या माणसाशी लावून देतात आणि ती त्याविरुद्ध उभी राहते. ‘शेजारी’ (१९४१) मध्ये हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांची दोस्ती आहे. १९४२ साली त्यांनी मुंबईला परळमध्ये राजकमल कलामंदिर काढले. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्यावर शांताराम यांनी १९४६ साली सिनेमा काढला आणि कोटणीसांचे काम स्वतःच केले. म्हणजे सांगणारे पण तेच आणि करणारे पण तेच.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ची आहे. सहा खुनी कैदी असतात. जेलर त्यांना बेड्या न घालता पडीक माळावर नेतो आणि त्यांच्याकडून शेती करवतो. सहा माणसांचे बारा हात आणि जेलरचे दोन डोळे. हे गणित मला एकदम आले! कैदी भाजी पिकवतात आणि स्वस्तात विकतात. मग चिडलेले लोक त्यांचे शेत मोडायला येतात. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची अशी उघडी वसाहत खरेच होती. त्यावरून ही गोष्ट सुचली. जेलरचे काम शांताराम यांनी केले. बैलाशी झुंजायचा देखावा करताना त्यांच्या डोळ्याला मोठी इजा झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडून राहावे लागले. या सिनेमाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली जर्मनीत बर्लिनला पण बक्षीस मिळाले.

डोळे बरे झाल्यावर त्यांनी काय केले? ‘नवरंग’ (१९५९) नावाचा रंगीत सिनेमा काढला! पट्टी बांधलेली असताना अंधारात त्यांना रंगच रंग दिसले, असे ते स्वतः त्या सिनेमाच्या सुरुवातीला सांगतात. पुढे ‘पिंजरा’ (१९७२) आला. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ३० ऑक्टोबर १९९० रोजी ते मुंबईला वारले.

आता का निवडले ते सांगतो. माझ्या आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्याच्या आत भिंग असते, ते दुधासारखे पांढरे होते, मग दिसत नाही. डॉक्टर ते काढून नवे भिंग बसवतात. पण आबा घाबरायचे. म्हणायचे, “नही रे पोऱ्या, डोयाले हात लावाना नही!” बाबांनी समजावले, आईने समजावले, ते ऐकेनात. एकदा तर ते बैलाचे दावे समजून विहिरीजवळची दोरी धरायला गेले. मी जवळ होतो म्हणून बरे. त्या रात्री मला झोप आली नाही.

आबांनी ‘दो आँखें बारह हाथ’ लहानपणी जत्रेत तंबूत जमिनीवर बसून पाहिला होता. मी त्यांना डोळ्याची आणि नवरंगची गोष्ट सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. गुरुजींनी नंतर मला सांगितले, की मार लागणे वेगळे आणि मोतीबिंदू वेगळा. मग मी ते पण आबांना खरे खरे सांगितले. ते खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “उद्या बापाले सांग, चाळीसगावले जाऊ.”

एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. दुसऱ्याचे बाकी आहे. २६ जानेवारीला पालक येतील तेव्हा आबा पण झेंडावंदनाला येणार आहेत आणि हे भित्तिपत्रक स्वतः वाचणार आहेत. म्हणून मी अक्षर एवढे मोठे काढले आहे. जागा जास्त लागली म्हणून रागावू नका.

तुमच्या घरी कोणाला अंधुक दिसत असेल, तर त्यांना ही गोष्ट सांगा आणि दवाखान्यात न्या.

— इयत्ता चौथी