वाटणी न झालेला मळा

आमच्या घरची वाटणी झाली, तेव्हा द्राक्षबागेच्या मधोमध बांध पडला. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील प्युलिन्यी-मोंत्राशे या गावी द्राक्षमळ्यांतून फिरताना मला तोच बांध आठवत होता.

नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने तिथे सर्व मुलांना वारसाहक्क मिळाला. न्याय्यच आहे ते! पण त्यामुळे मळ्यांचे तुकडे पडत गेले. जेमतेम आठ हेक्टरांच्या ‘मोंत्राशे’ मळ्याचे आज डझनाहून अधिक मालक आहेत.

लफ्लेव्ह घराण्याने मात्र वेगळी वाट धरली. मुळे पोखरणाऱ्या किडीने येथले मळे उद्ध्वस्त केले होते. त्यानंतर, १९०५ ते १९२५ या काळात ज्योझेफ लफ्लेव्ह यांनी जमिनी घेतल्या. १९५३ मध्ये ते गेले. पण मुलांनी मळा तोडला नाही, कारभार एकत्रच ठेवला. पुढे नात आन-क्लोद यांनी १९९० पासून रसायनांविना शेती करून पाहिली आणि १९९७ पर्यंत साऱ्या वेली त्या पद्धतीवर आणल्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. सूत्रे घराण्यातच राहिली.

खुद्द ‘मोंत्राशे’त या घराण्याची जमीन किती? सुमारे आठ गुंठे! त्यातून निघते जेमतेम एखादे पिंप पांढरी वाइन. पण तिच्यासाठी जग थांबून राहते.

आमच्या धाकट्या काकांच्या वाट्यालाही आठच गुंठे आले होते. ‘‘एवढ्यात काय पिकणार?’’ म्हणत त्यांनी वेली तोडल्या. आम्ही भावंडे तेव्हा एकत्र बसून बोललो असतो तर? तो प्रश्न घेऊनच मी परतलो.